शोभेचें आमंत्रण

खेळांच्या जगांत कीर्तीची वांटणी फारशा न्यायानें झालेली दिसत नाहीं. क्रिकेटमध्यें फलंदाजाच्या धांवा मोजतात, गोलंदाजानें बाद केलेले गडी मोजतात. यष्टींमागें दिवसभर उठाबशा काढणाऱ्या यष्टिरक्षकाचें नांव मात्र एखादा झेल सुटला म्हणजेच लोकांच्या तोंडीं येतें. आट्यापाट्यांत पाटी धरून उभ्या राहणाऱ्या गड्याची स्थिति याहून निराळी नाहीं. त्यानें दहा गडी अडविले तर तें त्याचें कर्तव्यच होतें आणि अकरावा निसटला तर तो त्याचा अपराध ठरतो. ज्यांचें काम कांहीं घडूं न देण्याचें असतें अशा सर्वांच्या ललाटीं हेंच लिहिलेलें आहे. रात्रीं चोरी झाली नाहीं म्हणून पहारेकऱ्याचा कोणीं सत्कार केल्याचें आम्हीं तरी अद्याप ऐकलेलें नाहीं.

या रक्षकवर्गांत सर्वांत खडतर जागा कोणाची, असें आम्हांस कोणीं विचारलें तर आम्ही बर्फावरील हॉकीच्या गोलरक्षकाचें नांव घेऊं. वाचकांपैकीं पुष्कळांनीं हा खेळ पाहिला नसेल. आपल्या देशांत लडाखमधील गोठलेल्या तळ्यांवर तो खेळतात, आणि अलीकडे तेथील मुलीहि त्यांत उतरूं लागल्या आहेत. परंतु आम्हां महाराष्ट्रीयांची बर्फाविषयींची कल्पना सरबताच्या पेल्यापलीकडे सहसा जात नाहीं. म्हणून दोन शब्दांत वर्णन करणें अवश्य आहे.

हा खेळ तीन डावांचा, प्रत्येक डाव वीस मिनिटांचा. दोन्ही बाजूंचे गडी पायांत पोलादी पात्यांचे बूट घालून बर्फाच्या पृष्ठावरून घसरत, एकमेकांस धडका देत, वांकड्या काठीनें एक चकती पिटाळीत असतात. ही चकती कठीण रबराची, तीन इंच व्यासाची व एक इंच जाडीची. वजन साडेपांच ते सहा औंसांच्या दरम्यान. ती चेंडूसारखी उसळूं नये म्हणून सामन्यापूर्वीं तिलाहि गोठवून ठेवतात. पुरुषांच्या धंदेवाईक सामन्यांत ती कधीं कधीं ताशीं शंभर मैलांच्या वेगानें येते. सहा फूट रुंद व चार फूट उंच अशा एका चौकटीपुढें, पाठीशीं जाळें घेऊन, गोलरक्षक उभा असतो. बाकीचे गडी पाळीपाळीनें बाहेर जाऊन विसांवा घेतात. त्याला ती सोय नाहीं. शहाणा माणूस ज्या वस्तूपासून अंग चुकवील तिच्या वाटेंत जाणूनबुजून आडवें येणें, हाच त्याचा धर्म.

या धर्माचें आचरण पुरुषांनीं दीर्घकाळ उघड्या तोंडानें केलें, हें आज खरेंहि वाटत नाहीं. १९५९ च्या नोव्हेंबरच्या १ तारखेस न्यूयॉर्क येथील सामन्यांत माँट्रियलच्या झाक प्लांत याचें नाक चकतीनें फुटलें. टांके घालून घेतल्यावर, मुखवट्याशिवाय आपण पुन्हां बर्फावर उतरणार नाहीं असें त्यानें आपल्या शिक्षकास बजावलें, आणि तेव्हांपासून मुखवट्याचा प्रघात पडला. त्यापूर्वीं १९३० सालीं क्लिंट बेनेडिक्ट यानें कातडी मुखवटा घालून पाहिला होता. परंतु त्याच्याहि आधीं, १९२७ सालीं, कॅनडांतील क्वीन्स विद्यापीठाच्या मुलींच्या संघांतील एलिझाबेथ ग्रॅहॅम ही तरवारीच्या खेळांतला जाळीदार मुखवटा चढवून जाळ्यापुढें उभी राहिली होती. आपले दांत शाबूत राहावेत एवढाच तिचा हेतु. जें करण्यांत पुरुषांस बत्तीस वर्षेंपर्यंत कमीपणा वाटला, तें एका विद्यार्थिनीस साधें व्यवहारज्ञान वाटलें!

तथापि आज आम्हांस जिच्याविषयीं लिहावयाचें आहे ती गोलरक्षिका ग्रॅहॅमनंतर दोन पिढ्यांनीं जन्मली. तिचें नांव मानों रेओम. १९७२ च्या फेब्रुवारींत क्वेबेक शहराच्या परिसरांत एका फ्रेंचभाषी कुटुंबांत तिचा जन्म झाला. वडील मुलांच्या संघास हॉकी शिकवीत. भावांच्या खेळांत जाळ्यापुढें उभें राहणारें कोणीतरी हवें होतें, तेव्हां पांच वर्षांची मानों उभी राहिली. ज्याला खेळांत नव्यानें शिरावयाचें असतें त्यानें इतरांस नको असलेली जागा पत्करावी, हा नियम आमच्या गल्लींतील पोरांनाहि ठाऊक असतो. पण इतरांस नको असलेली जागा तिनें आपलीशी केली. १९८४ सालीं क्वेबेक येथें भरणाऱ्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत खेळणारी ती पहिली मुलगी ठरली. १९९१ च्या नोव्हेंबरांत त्र्वा-रिव्हिएरच्या तरुण पुरुषांच्या संघांतून ती एका सामन्यांत उतरली. तेथें चकतीचा फटका तिच्या मुखवट्यावर बसून भिंवईवर जखम झाली आणि रक्त वाहूं लागल्यामुळें तिला बाहेर यावें लागलें. पुढच्याच वर्षीं एप्रिलांत फिनलंडमधील तांपेरे येथें स्त्रियांची जागतिक स्पर्धा झाली. अंतिम सामन्यांत कॅनडानें अमेरिकेवर ८–० असा विजय मिळविला. त्यांतील आठ गोल इतरांचे. तें शून्य मात्र पुष्कळ अंशीं मानोंचें होतें.

एथवरची हकीकत कोणत्याहि गुणी खेळाडूच्या चरित्रांत शोभेल अशीच आहे. तिला निराळें वळण लागलें तें १९९२ च्या सप्टेंबरांत. उत्तर अमेरिकेंतील पुरुषांच्या सर्वश्रेष्ठ धंदेवाईक संघटनेंत त्या वर्षीं फ्लॉरिडांतील टाम्पा येथील 'लाइटनिंग' हा नवा संघ दाखल झाला होता. फ्लॉरिडा म्हणजे नारिंगांचा आणि समुद्रस्नानांचा प्रांत; तेथें बर्फावरच्या हॉकीला प्रेक्षक कोठून मिळवावयाचे, ही नव्या संघाची विवंचना. संघाचा कारभारी फिल एस्पोझिटो हा स्वतः एके काळचा नामांकित खेळाडू. त्यानें या वीस वर्षांच्या मुलीस पूर्वतयारीच्या शिबिरास बोलाविलें. हें आपण प्रसिद्धीकरितां केलें, असें त्यानें पुढें उघडपणें सांगून टाकलें. हेतु लपविण्याचा दांभिकपणा त्यानें केला नाहीं, हें त्याच्या पदरांत टाकलेंच पाहिजे. पण हेतु तो हेतुच. जत्रेंत तंबूच्या दारावर जसें चित्र लावतात, तशी ती लावली गेली.

अपेक्षेप्रमाणें सर्व घडूं लागलें. वर्तमानपत्रांचे बातमीदार जमले, दूरचित्रवाणीवर बोलावणीं आलीं. नग्नचित्रांसाठीं प्रसिद्ध असलेल्या एका मासिकानें मोठी रक्कम पुढें केली. ती तिनें नाकारली. ज्या गोष्टीसाठीं तिला बोलावलें होतें, म्हणजे लोकांनीं पाहावें यासाठीं, तिची मर्यादा कोणती हें तिनें स्वतः ठरविलें, आणि ज्या गोष्टीसाठीं ती आली होती, म्हणजे जाळें राखण्यासाठीं, तिच्याकडे ती वळली.

सप्टेंबरच्या २३ तारखेस टाम्पा येथें सेंट लुइसच्या 'ब्लूज' संघाशीं एक प्रदर्शनीय सामना झाला. पहिला डाव जाळें तिच्याकडे होतें. वीस मिनिटांत तिच्यावर नऊ फटके आले. सात तिनें अडविले, दोन सुटले. डाव संपला तेव्हां दोन्ही पक्ष बरोबरींत होते. त्यानंतर दुसरा गोलरक्षक आला आणि तिचें त्या दिवसाचें काम संपलें. पुढील वर्षीं बॉस्टनच्या संघाविरुद्ध आणखी एका प्रदर्शनीय सामन्यांत तिला उतरविलें. परंतु त्या संघटनेच्या नियमित हंगामांतील सामना तिच्या वांट्यास कधींच आला नाहीं.

आतां येथें एक प्रश्न उभा राहतो, आणि तो बर्फापुरता नाहीं. गुणासाठीं न बोलावतां शोभेसाठीं बोलावलें असतां गुणी माणसानें जावें किंवा न जावें?

न जावें, असें म्हणणाऱ्यांची बाजू लंगडी नाहीं. ते म्हणतील, अशा आमंत्रणानें बोलावणाऱ्याचें काम होतें आणि गरज सरो वैद्य मरो या न्यायानें पाहुण्याची बोळवण होते. एक डाव खेळवून 'पाहा, आम्हीं स्त्रीसहि संधि दिली' असें म्हणण्याची सोय होते, आणि मग कांहीं वर्षें तो विषयच मिटतो. शिवाय शिबिरांत जागेसाठीं झटणाऱ्या पुरुष गोलरक्षकांनीं, आम्हीं वीस मिनिटें कां गमवावीं, असें विचारलें असतें तर त्यांना काय उत्तर द्यावें? आणि आणखी एक गोष्ट अशी कीं, पुरुषाच्या हातून दोन गोल सुटले तर ते त्याच्या एकट्याच्या हातून सुटतात. अशा स्त्रीच्या हातून सुटले तर ते समस्त स्त्रीजातीच्या नांवावर मांडले जातात. एवढें ओझें अंगावर घेऊन उभें राहण्याची सक्ति कोणावरहि नाहीं.

हा प्रश्न आमच्यापुढें पुस्तकी रूपानें आला असता तर आम्हींहि दोन्ही बाजू मांडून 'तारतम्य राखावें' असा प्राध्यापकी निकाल दिला असता. परंतु तो आला आमच्या परिचयाच्या एका प्राध्यापिकांच्या रूपानें. अर्थशास्त्राच्या अध्यापनांत त्यांचीं वीस वर्षें गेलेलीं. एका शिक्षणसंस्थेच्या कार्यकारी मंडळावर त्यांना घ्यावयाचें ठरलें, आणि संस्थेच्या चिटणिसांनीं आमंत्रण देतांनाच मोकळेपणानें सांगितलें कीं, हल्लीं मंडळांत एखादी स्त्री असलेली बरी दिसते. बाई त्या दिवशीं आमच्याकडे आल्या त्या रागावूनच. म्हणाल्या, "सर, मला त्या छायाचित्रांतली रिकामी जागा भरावयाची नाहीं. नकाराचें पत्र लिहून ठेवलें आहे. भाषा तेवढी पाहून द्या."

आम्हीं पत्र वाचलें. भाषेंत कोठेंहि बोट ठेवण्यास जागा नव्हती. पत्र परत देतांना आम्हीं त्यांना मानों रेओमची हकीकत सांगितली, आणि तिनें स्वतः या प्रश्नाचें दिलेलें उत्तरहि सांगितलें. त्याचा आशय असा कीं, मुलगी म्हणून आपणांस आजवर कितीदां तरी 'नाहीं' ऐकावें लागलें. मग मुलगी म्हणूनच एकदां कोणी 'हो' म्हणाला तर ती संधि कां सोडावी?

बाईंनीं सर्व ऐकून घेतलें. मग त्यांनीं एकच प्रश्न केला. "तिला फटके अडवितां येत होते ना?"

"जगज्जेत्या संघाची गोलरक्षिका होती," आम्ही म्हणालों.

"मग बोलावणाऱ्याच्या मनांत काय होतें याची चिंता त्यानें करावी," असें म्हणून त्यांनीं तें पत्र पिशवींत टाकलें. पुढील हकीकत थोडक्यांत अशी. पहिल्या वर्षीं त्यांच्याकडे पाहुण्यांस पुष्पगुच्छ देण्याचें व आभारप्रदर्शनाचें काम आलें. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं संस्थेच्या हिशेबाच्या वह्या पाहावयास मागितल्या. तेव्हांपासून आभारप्रदर्शन दुसरे कोणीतरी करतात.

या प्रसंगानंतर आमचें मत असें झालें आहे कीं, आमंत्रणाचा हेतु दारापर्यंतच सोबत करतो. दाराच्या आंत पाऊल पडलें कीं खुर्ची खरी असते, हिशेबाच्या वह्या खऱ्या असतात, आणि बर्फावर समोरून येणारी चकती तर फारच खरी असते. जाळ्यापुढें उभी असलेली व्यक्ति कोणत्या कारणानें तेथें आली याची चौकशी चकती करीत नाहीं; ती मोकळी जागा तेवढी शोधते. घोडामैदान समोर आल्यावर प्रसिद्धीच्या हेतूनें बोलावलेल्यास कोणी सवलतीचा फटका मारीत नाहीं. त्या सायंकाळीं टाम्पा येथें जे दोन गोल झाले तेच याला पुरावा आहेत. सातांपेक्षां या दोहोंचें मोल आम्हांस कमी वाटत नाहीं. कारण समोरचे खेळाडू नाटक करीत नव्हते, हें त्या दोहोंनींच सिद्ध होतें, आणि म्हणूनच सात खरे ठरतात.

मात्र दार उघडणें निराळें आणि घर मिळणें निराळें. मानोंची पुढील वर्षें पाहिलीं म्हणजे हें ध्यानांत येतें. त्याच संघाच्या हाताखालच्या अटलांटा येथील संघाशीं तिचा करार झाला. १९९२ च्या डिसेंबरच्या १३ तारखेस ती पुरुषांच्या धंदेवाईक हॉकींतील नियमित सामन्यांत प्रथम उतरली, तीहि सहा मिनिटांहून कमी वेळ. त्यानंतर नॉक्सव्हिल, नॅशव्हिल, लास व्हेगास, रिनो असा तिचा प्रवास चालू राहिला. दुय्यम दर्जाच्या संघांचें जीवन आमच्या जुन्या फिरत्या नाटक मंडळ्यांहून फारसें निराळें नसावें. आज या गांवीं, उद्यां त्या गांवीं, आणि पडदा वर गेल्यावर आपली पाळी येईलच याची शाश्वति नाहीं. १९९३ सालीं निघालेल्या तिच्या आत्मकथनाच्या नांवाचा अर्थच 'जाळ्यापुढें एकटी' असा आहे. कीर्तीच्या शिखरावर असतांना एकवीस वर्षांच्या मुलीनें हें नांव घ्यावें, यांत आम्हांस कांहींच आश्चर्य वाटत नाहीं.

१९९४ सालीं लेक प्लॅसिड येथें कॅनडानें पुन्हां जगज्जेतेपद राखलें, तेव्हांहि ती संघांत होती. १९९८ च्या फेब्रुवारींत जपानमधील नागानो येथील ऑलिंपिक क्रीडांत स्त्रियांच्या बर्फावरील हॉकीला प्रथमच स्थान मिळालें. अंतिम सामन्यांत कॅनडाचें जाळें मानोंकडे होतें. अमेरिका २–१ नें पुढें होती आणि वेळ संपत आला होता. अशा वेळीं या खेळांत एक विलक्षण चाल खेळतात: गोलरक्षकासच बाहेर बोलावून त्याच्या जागीं आणखी एक आक्रमक पाठवितात. बुडत्या घरानें दाराची फळी काढून तिची नाव करावी, तसा हा प्रकार. चाल साधली तर बरोबरी. न साधली तर जाळें उघडें. त्या दिवशीं ती साधली नाहीं. अखेरच्या क्षणीं अमेरिकेचा तिसरा गोल रिकाम्या जाळ्यांत गेला. ३–१ या आंकड्यांतला शेवटचा गोल होतांना तिला बाहेर बसून पाहत राहावें लागलें. रक्षकाच्या आयुष्यांत याहून कठीण क्षण कोणता असेल, हें आम्हांस सांगतां येत नाहीं. तिच्या गळ्यांत रुप्याचें पदक पडलें.

नागानोच्या त्या रुप्याचें पुढें सोनें झालें, तें दुसऱ्यांच्या हातून. २०१० च्या फेब्रुवारींत व्हँकूव्हर येथें कॅनडानें अमेरिकेस २–० असें हरविलें. जाळ्यापुढें एडमंटनची शॅनन झबाडोस होती. हीच झबाडोस पुढें अमेरिकेच्या दक्षिण भागांतील पुरुषांच्या धंदेवाईक संघांतून खेळली, आणि २०१५ च्या डिसेंबरच्या २७ तारखेस कोलंबसच्या संघातर्फें तिनें प्रतिपक्षास संपूर्ण सामन्यांत एकहि गोल करूं दिला नाहीं. पुरुषांच्या धंदेवाईक हॉकींत असें करणारी ती पहिली स्त्री. १९९२ सालीं एका स्त्रीस वीस मिनिटें जाळें देणें ही नवलाई होती; तेवीस वर्षांनीं साठ मिनिटांचें शून्य दुसरीच्या नांवावर लागलें.

त्यानंतरची पायरी आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. २०२४ च्या जानेवारीच्या पहिल्या तारखेस टोराँटो येथें स्त्रियांच्या नव्या धंदेवाईक संघटनेचा पहिला सामना झाला. न्यूयॉर्कच्या संघानें यजमानांस ४–० असें हरविलें. विजयी संघाची गोलरक्षक कोरिन श्रोडर. तिला कोणत्या हेतूनें उभें केलें होतें हा प्रश्नच तेथें उद्भवत नव्हता. जाळें होतें, तें राखावयाचें होतें, आणि त्यासाठीं तिला वेतन होतें. एखाद्या स्त्रीकडे पाहण्यासाठीं लोक यावेत ही एक स्थिति, आणि लोकांनीं येऊन खेळ पाहावा ही दुसरी. पहिल्या स्थितींतून दुसरींत येण्यास बत्तीस वर्षें लागलीं. ग्रॅहॅमच्या मुखवट्यापासून प्लांतच्या मुखवट्यापर्यंतहि तेवढींच लागलीं होतीं. या योगायोगावरून कांहीं सिद्धांत काढण्याचा आमचा विचार नाहीं. पण अशा कामांस एक पिढी लागते, एवढें मनाशीं धरून ठेवलें म्हणजे निराशा कमी होते.

मानों रेओमनें पुढें मुलींस हा खेळ शिकविला, आणि २०२२ सालीं लॉस एंजेलिसच्या 'किंग्स' या पुरुषांच्या संघानें तिला होतकरू खेळाडूंच्या जोपासनेच्या कामीं सल्लागार नेमलें. टाम्पाच्या त्या सामन्यास त्याच वर्षीं तीस वर्षें पुरीं झालीं. जिला एके काळीं प्रेक्षकांनीं पाहावें म्हणून बोलावलें, तिच्याकडे आतां इतरांचा खेळ पारखण्याचें काम आलें.

आमच्या त्या परिचित प्राध्यापिकांना हें सर्व आम्हीं अलीकडेच सांगितलें. हिशेब तपासण्याची संवय जडलेली, त्या म्हणाल्या, "त्या पहिल्या सामन्याची नोंद कशी ठेवली आहे तें सांगा." आम्हीं सांगितली ती अशी: डाव एक, फटके नऊ, अडविले सात, सुटले दोन. बाईंनीं मान डोलावली. तिला कां बोलावलें होतें यासाठीं त्या नोंदींत रकाना नाहीं.